थंड देशाचं झाकण

सोमवारी सकाळी आंब्याखालच्या ताडपत्रीवर अठरा हेड-बोल्ट होते. सतरा एका लांबीचे, अठरावा दोन सूत लांब. आठ पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोवलेले, कारण ज्याची जागा त्यालाच. पंख्याचा एक पट्टा, रेडिएटरचं एक झाकण, एक जाड रबरी नळी आणि अंगठ्याएवढी एक बारीक. पाणी जिथून इंजिनाच्या डोक्यातून बाहेर पडतं तो ओतीव लोखंडाचा कोपरा एक, आतून रिकामा. आणि डोकं व ब्लॉक यांच्यामध्ये दाबून बसतं ते गॅस्केट एक, जळालेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर, नखाएवढ्या जागेत, ते काळं होऊन कुरतडल्यासारखं झालं होतं. मागची दोन गॅस्केटं खोपटाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. तिन्ही एकाच जागी जळाली होती. सात आठवड्यांत तीन.

हरमाटनचा वारा सुरू होऊन बारा दिवस झाले होते. उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारी ती बारीक धूळ कुठे पडताना दिसत नाही, पण तेलाच्या थेंबावर बोट ठेवलं की बोटाला पीठ लागतं. सूर्य चंद्रासारखा दिसे. त्याच्याकडे सरळ बघता येई. तळ्याकडे बघितलं तर पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसलेली, आणि धरणात बुडालेल्या रानाचे वाळके शेंडे तेवढे कुठेही न टेकता उभे. होड्या त्यांच्यामधून येत तेव्हा माणसं हवेतून चालत आल्यासारखी वाटत.

मास्टर देबरा उकिडवे बसून इंजिनाचं डोकं केरोसिनने पुसत होते. वय बासष्ट. थंडीने टाचा आणि ओठ उलले होते, ओठांना त्यांनी शियाच्या बियांचं लोणी चोपडलं होतं. त्यांची मुलगी अदोमा समोर बसून ब्लॉकच्या कडा वस्तऱ्याच्या पात्याने खरवडत होती. शाळेचं शास्त्र बारावीपर्यंत करून ती घरी परतली त्याला तीन वर्षं झाली होती. पहिलं वर्षभर ड्रायव्हर तिला पाना मागायचे ते गंमत म्हणून. आता गाडी लावली की आधी तिचं नाव घेत.

लॉरीच्या कपाळावर पिवळ्या अक्षरांत 'हळूहळू' लिहिलेलं होतं. अमानफ्रोममध्ये गाडीला नंबराने कोणी ओळखत नाही. तळ्यापलीकडच्या मैदानातला सुरण होड्यांनी आमच्या काठाला लागतो आणि तिथून क्वाहूचा कडा चढून वरच्या बाजाराला जातो. सहा मैल रस्ता, पाच वळणं. 'हळूहळू' सात आठवडे तिसऱ्या वळणापलीकडे गेली नव्हती. काठावर सुरणाचे ढीग पडले होते, त्यांच्यावर ताडाच्या फांद्या. या वाऱ्यात सुरण कुजत नाही, पण आतून वाळतो, हलका होतो. मैदानातल्या बायका रोज ढिगातला एखादा उचलून बघत आणि पुन्हा ठेवत.

अम्पेम मामा आले ते हातात काठी आणि खांद्यावर टॉवेल घेऊन. आल्यावर जुन्या टायरवर बसले. आमच्याकडे पोर आईच्या घराण्याचं. बाप घरात राहतो, कष्ट करतो, पोरीला नाव देतो, पण घराण्याच्या बैठकीत त्याला बसायला स्टूल नसतं. लॉरी घेतली ती अदोमाच्या आजीच्या जमिनीवरचं सागवान विकून. म्हणजे लॉरी घराण्याची, घराण्याचा वडील मामा. देबरा तिचे फिटर.

मामांनी गॅस्केट काठीच्या टोकाने उलटवलं. दाजींकडे न बघता भाचीला म्हणाले की भंगारवाले शुक्रवारी येतायत. गॅसचं नळकांडं घेऊनच येतात ते, इथेच कापतील. गुरुवारचा बाजार तेवढा मध्ये आहे. त्या दिवशी गाडी भरून वर पोचली तर राहील, नाही तर नाही.

"दाजींनी जेवढं करायचं तेवढं केलं," ते म्हणाले. "हात म्हातारा झाला म्हणून कोण कोणाला दोष देतं? पण लोखंड तरी किती वेळा मरायचं?"

देबरांनी केरोसिनचा बोळा पिळला. त्यांनी ऐकलं होतं हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

मामा गेल्यावर बापलेकींनी इंजिनाच्या डोक्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि सूर्याकडे तोंड करून तिच्याखालून उजेड येतो का ते पाहिलं. मधोमध एक केसभर फट होती. अदोमाने फट मोजायची फीलरची पाती सरकवून बघितली. पाच शतांश मिलिमीटरचं पातं गेलं, दहाचं गेलं नाही.

"डोकं सरळ आहे," ती म्हणाली.

"सरळच असणार. मी बसवलंय."

"मग जळतं का?"

देबरा म्हणाले, तळ्याचं पाणी. गाळ. ड्रायव्हरांचा आळस. आणि कडा तर आहेच. ही चारही उत्तरं ती दोन महिने ऐकत होती.

दुपारी अदोमाची आई दुफिए कुटलेल्या कंदाचं फुफू आणि धुरावलेल्या माशाचं सार घेऊन आली. जेवल्यावर देबरा लॉरीच्या सावलीत आडवे झाले. अदोमा तो रिकामा कोपरा हातात घेऊन आंब्याला टेकून बसली. वारा थांबला होता. धूळ हवेत तशीच उभी होती, कोणी सांगेपर्यंत हलू नये तशी. तिने कोपऱ्यात बोट घातलं. एक वाट रेडिएटरकडे जाणारी, रुंद. एक खाली पंपाकडे, अंगठ्याएवढी. बोट या वाटेने जायचं आणि त्या वाटेने परत यायचं. डोळा लागला तेव्हाही बोट आतच होतं.

झोपेत ती पाणी होती. पंपाने ढकललं तशी ती ब्लॉकमध्ये शिरली, सिलिंडरांच्या बाहेरून फिरली, भिंती गरम होत्या, गावात रात्री चुलीमागची भिंत असते तशा. मग वर डोक्यात. मग कोपरा. तिथे दोन दारं उघडी होती. एका दारापलीकडे बारीक जाळ्यांचं लांब शेत, त्यावरून वारा वाहत होता. तिला तिकडे जायचं होतं. पण दुसरं दार जवळ होतं, उताराचं होतं, आणि सगळे तिकडेच चालले होते. तीही गेली, आणि पुन्हा त्याच गरम भिंतींपाशी पोचली. पुन्हा तीच दोन दारं. कुणीच तिला अडवत नव्हतं, नेमकं तेच चुकत होतं.

ती जागी झाली तेव्हा बोटाला कोपऱ्याच्या आतली खाच लागत होती. गोल, सगळीकडे सारखी, तीन मिलिमीटर रुंद. कशाची तरी कडा बसावी म्हणून कापलेली.

"बाबा, हिच्यात थर्मोस्टॅट होता का हो?"

देबरांनी डोळे न उघडता हात हलवला. होता. ऑक्टोबरात पंप बदलला तेव्हा काढला. बंदरात उतरल्यापासून कुणी हातच लावला नव्हता बहुतेक.

"ते थंड देशाचं झाकण," ते म्हणाले. "तिकडे इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून पाणी अडवून धरतात. इथे कशाला? इथे माणूससुद्धा उठताना गरमच उठतो."

हे वाक्य त्यांना त्यांच्या मास्तरांनी दिलं होतं, आणि देबरांनी ते हाताखाली शिकलेल्या अकरा जणांना दिलं. तळ्याकाठी उघडलेल्या प्रत्येक इंजिनातून पहिल्यांदा निघायचं ते झाकण. बाळाचं जावळ काढावं तसं. मालक उभा असला तर त्याच्या हातात ठेवून म्हणायचं, हे घ्या, हिची थंडी काढली.

अदोमाने मंगळवारी सकाळी पाण्याचं पिंप आंब्याच्या फांदीवर चढवलं. ओफोरी तेवढ्यात आला होता. 'हळूहळू'चा ड्रायव्हर, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने दोर ओढला. पिंपातून नळी कोपऱ्यात, कोपऱ्यातून रुंद नळी रेडिएटरला, बारीक नळी खाली मोकळी. रेडिएटरच्या तळाशी एक बादली, बारीक नळीखाली एक. पिंपाची तोटी उघडून ती घड्याळ बघत उभी राहिली. मिनिट भरल्यावर तोटी बंद केली आणि बाजारात मका मोजतात त्या डबड्याने दोन्ही बादल्या मोजल्या. दोनदा पुन्हा केलं. तिन्ही वेळा वीसेक डबडी पाणी, आणि त्यातलं रेडिएटरमधून आलेलं सात. तेरा डबडी बारीक नळीने खाली.

"गार व्हायला जातंच कुठे ते," ओफोरी म्हणाला. "घरातल्या घरात फिरतंय."

देबरा खोपटाच्या दारात उभे होते. त्यांनी दोन्ही बादल्या पाहिल्या. मग आत गेले आणि बराच वेळ पाने लावून ठेवण्याचा आवाज येत राहिला, मोठ्यापासून लहानापर्यंत, मग उलट.

झाकण आणायचं कुठून हा प्रश्न होता. वरच्या बाजारात मिळालं असतं, पण वर जायला घरची हीच लॉरी, आणि प्रवासी गाडीने जाऊन यायला बुधवार जाणार. मिळेल ते याच मापाचं असेल याची खात्रीही नव्हती. आईने सुचवलं. मासे धुता धुता म्हणाली, तुझ्या बाबांनी काढलेलं कधी टाकलंय का? ते सगळं जाळ्यांना आहे.

खरंच होतं. तांबं-पितळ पाण्यात गंजत नाही, मुठीएवढं वजन, आणि दोरा ओवायला आयती कमान. देबरा वर्षानुवर्षं ती झाकणं काठावरच्या कोळ्यांना देत होते आणि बदल्यात घरात तिलापिया येत होता. कोळी ती जाळ्याच्या खालच्या दोरीला बांधत. अमानफ्रोमच्या तळ्याच्या तळाशी तीस वर्षांच्या लॉऱ्यांची थंडी पडलेली होती.

काठ धुळीच्या धुक्यात होता. अदोमा पाण्याच्या आवाजाने वाट ओळखत गेली. अग्बेको म्हातारा वाळूवर जाळं पसरून शिवत बसला होता. एवे जमातीच्या कोळ्यांतला सगळ्यात जुना, समोरचे दोन दात नसलेला. तिने मागितलं ते ऐकून त्याने सुई थांबवली.

"बापाने दिलेलं लेक परत मागते," तो म्हणाला. "उद्या खाल्लेला मासा परत मागशील."

वजनाला वजन देते म्हणाली तेव्हा तो हसला आणि सरकून बसला. तिने जाळ्याची खालची दोरी हातातून हळूहळू सोडत नेली. दोरीला शेवाळ, शिंपले, आणि दर दोन वितींवर एक झाकण. काही तळ्याच्या रंगाची झालेली, काही अजून पिवळी. मोजली तर एकतीस. बहुतेकांना एकच चकती होती, वरची. ज्यांच्या खालच्या बाजूला स्प्रिंगच्या टोकाशी दुसरी चकती होती अशी तीन निघाली. तिने एकेक हातावर धरून पाहिलं. वरची चकती उघडते तेव्हा खालची चकती तेवढीच खाली सरकते. एक दार उघडलं की दुसरं बंद. झोपेत जे नव्हतं ते हे होतं.

"हे ऑक्टोबरातलं," अग्बेको एकाकडे सुई दाखवत म्हणाला. "हे चांगलं बुडतं. बाकीची दोन जुनी. तेव्हा तू आईच्या पाठीवर असशील."

तिने तिन्हींच्या जागी चाकांचे सहा जुने नट बांधून दिले. म्हाताऱ्याने दोरी तोलून बघितली आणि मान हलवली.

शाळेच्या मास्तरांकडून तिने काचेचा थर्मामीटर आणला, एकशे दहापर्यंतचा. आईच्या कोळशाच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, आडव्या काडीला दोरा बांधून तिन्ही झाकणं पाण्यात सोडली, तळाला टेकणार नाहीत अशी. आई, ओफोरी आणि ती पातेल्याभोवती बसले. देबरा लांब, लॉरीच्या पायरीवर. पाण्यातून वाफेचे धागे निघून धुळीत मिसळायला लागले. साठ. पासष्ट. सत्तर. आईने पंख्याने कोळसे फुलवले. ब्याऐंशीला ऑक्टोबरातलं झाकण हललं. आवाज नाही, काही नाही. झोपलेल्या माणसाचा ओठ सुटावा तशी वरची चकती कडेपासून सुटली. नव्वदला तिच्याखाली करंगळी जाईल एवढी जागा होती आणि खालची चकती तेवढीच उतरली होती. जुन्या दोघांतलं एक पंच्याण्णवला अर्धवट उघडलं. दुसरं उकळलं तरी तसंच राहिलं.

"झिंगा शिजल्यावर जसा उलगडतो," आई म्हणाली.

"झिंगा शिजल्यावर आखडतो, आक्का," ओफोरी म्हणाला.

"मग हा उलटा झिंगा."

अदोमाने ते झाकण कापडाने पुसलं आणि ताडपत्रीवर बाबांसमोर ठेवलं. ते पायरीवरून उतरून आले, उकिडवे बसले. उचलून बघितलं नाही.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "हजार तरी गाड्या असतील."

"सगळ्यांचं नाही बिघडत, बाबा. ज्यांची खालची वाट बारीक आहे त्यांना काही होत नाही. हिच्यासारख्या, खाली दुसरी चकती असलेल्या, त्यांनाच."

"अशा किती?"

तिला ते माहीत नव्हतं. त्यांना होतं. फिटरला गाड्या विसरता येत नाहीत. त्यांनी जमिनीकडे बघत सावकाश नावं घेतली, बैठकीत मेलेल्यांची घेतात तशी. 'आईचं ऐक'. दोन गॅस्केटं, मग डोकं तडकलं, मालकाने पलीकडे विकली. 'काळा पाहुणा'. चौथ्या वळणावर पेटली, माणसं उतरली होती. मग ते थांबले. हाताचा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरवला.

"'वाट बघ'," ते म्हणाले.

ओफोरी पातेल्यातलं पाणी ओतून देत होता. त्याने ते पूर्ण ओतलं, पातेलं उपडं ठेवलं आणि काठाच्या दिशेने निघून गेला.

आईने नंतर अदोमाला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. 'वाट बघ' ओफोरी चालवायचा. इंजिन कड्यावर तापून जाम झालं. मालकाने विचारलं, मास्टर, का? देबरा म्हणाले, ड्रायव्हरने पाणी भरलं नसणार. त्यांना तसं वाटलं म्हणून म्हणाले. कुणी पुढे काही विचारलं नाही. दोन वर्षं ओफोरीला काठावरच्या एकाही मालकाने किल्ली दिली नाही. तो कोळसा भाजायचा, डोक्यावरून विकायचा. त्याच्या बायकोने त्याच वर्षी माहेर धरलं. मग आजी वारल्यावर अम्पेम मामांना कुणीतरी स्वस्तातला ड्रायव्हर हवा होता.

बुधवारी त्यांनी इंजिन बांधलं. नवं गॅस्केट तेल न लावता कोरडं ठेवलं. डोकं दोघांनी दोन बाजूंनी धरून खाली सोडलं, पाळण्यात मूल ठेवावं तसं. अठरा बोल्ट मधून बाहेर, गोल गोल, तीन फेऱ्यांत. देबरा पान्यावर ओठंगून एकेक घट्ट करत होते. ते आकड्याने नाही, खांद्याने ओळखतात, कुठे थांबायचं ते. जास्त लांबीचा अठरावा बोल्ट पुढच्या डाव्या कोपऱ्यात. पुशरॉड आपापल्या जागी. रेडिएटरमधून आदल्या संध्याकाळी आंबट संत्र्यांचं पाणी फिरवून गाळ काढला होता. शेवटी कोपरा राहिला. देबरांनी झाकण उचललं. हातात वळवून पाहिलं. त्यांच्या हाताला ते काढण्याची सवय होती, बसवण्याची नव्हती.

"हे बारीक भोक," ते म्हणाले. "वर की खाली?"

"वर. हवा अडकली तर निघायला."

त्यांनी भोक वर ठेवून ते खाचेत बसवलं. बसलं तेव्हा छोटा 'टक्' आवाज झाला. मग मोडीत निघालेल्या एका बसचा आकड्यांचा डायल अदोमाने ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी तारेने बांधला, चाळीसपासून एकशे वीसपर्यंत, कारण लॉरीच्या स्वतःच्या काट्याला नुसता निळा आणि लाल होता, आणि लाल दिसेपर्यंत उशीर झालेला असे.

संध्याकाळी मामा आले. चालू इंजिनाजवळ कान नेऊन उभे राहिले, मग भाचीला बाजूला घेतलं. कशाने झालं होतं ते घराण्याला कळायला हवं, म्हणाले. तू आमची आहेस. तुझ्या बापाचा हात गेला असेल तर तसं सांग, लाजू नकोस.

अदोमा त्यांच्या काठीकडे बघत राहिली.

"वर पोचल्यावर विचारा, मामा," ती म्हणाली. "आत्ता मला फक्त आंब्याखालचं माहीत आहे."

गुरुवारी पहाटेपासून बायकांनी सुरण भरला. आमचा शेकडा म्हणजे एकशेदहा नग. आठ शेकडे चढले. मामा पहिल्या प्रवासी गाडीने आधीच वर गेले होते. भंगारवाल्यांना हो म्हणायचं की नाही हे वरच ठरणार होतं. केबिनमध्ये ओफोरी, मध्ये अदोमा पेन्सिल आणि वही घेऊन, दाराशी देबरा.

सपाट रस्त्यावर काटा हळूहळू चढला, ऐंशीपाशी थोडा थबकला, मग स्थिर झाला. कड्याच्या पायथ्याशी धुकं इतकं दाट होतं की रस्ता चाकांच्या पुढ्यात पाच-सहा हात उलगडत होता आणि मागे मिटत होता. एका बाजूने तांबडी खडकभिंत वर गेलेली, दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, पांढरं. इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये एका सुरात घुमत होतं. अदोमाला वाटलं आपण चढत नाही आहोत, कडाच आपल्याखालून सावकाश सरकतोय.

पहिलं वळण, चौऱ्याऐंशी. दुसरं वळण, शहाऐंशी. तिने लिहिलं.

तिसऱ्या वळणाआधी ओफोरीचा पाय आपोआप सैल झाला. इथेच तो नेहमी गाडी कडेला घ्यायचा, दगड लावायचा. काटा नव्वदवर आला. मग त्र्याण्णव.

"थांबू?" त्याने विचारलं.

देबरांनी खिडकीबाहेर हात काढून बॉनेटवरून येणारी हवा चाचपली. कढत होती, पण कोरडी, वाफ नव्हती.

"थांबू नकोस," ते म्हणाले.

सत्त्याण्णव. अदोमाने पेन्सिल घट्ट धरली. वळणाच्या पोटात गाडी जवळजवळ उभी राहिल्यासारखी झाली. मागे सुरण एकमेकांवर सरकल्याचा आवाज आला. मग काटा हलला, उलटा. पंच्याण्णव, त्र्याण्णव. पाण्याला दुसरं दार बंद सापडलं होतं. रस्ता पुन्हा सरळ झाला.

धुक्यातून एक बकरी आली आणि गेली.

"ओफोरी," देबरा म्हणाले. ते समोरच्या काचेकडे बघत होते. "'वाट बघ'मध्ये पाणी होतं."

ओफोरीने चौथ्या वळणासाठी चाक फिरवलं, दोन्ही हातांनी, पूर्ण, आणि सावकाश परत येऊ दिलं.

"होतं, मास्टर," तो म्हणाला. "मी भरलं होतं."

"हो."

"दोन डबडी वरून घातलं होतं."

"हो," देबरा म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. झाकण मी काढलं होतं. आज वर मालकांसमोर सांगेन. ज्यांना तेव्हा सांगितलं, त्यांनाही."

ओफोरीने आपल्या बाजूची काच खाली केली. थंड धूळ आत आली, तिघांच्या चेहऱ्यांवर बसली. अदोमाने वहीवरून हात फिरवून ती झटकली.

पाचव्या वळणानंतर धुकं संपलं. वर लख्ख ऊन होतं, आणि खाली वळून बघितलं तर तळं, गाव, काठ काहीच नव्हतं, फक्त पांढरं पसरलेलं, त्याच्यावर लॉरीची सावली चालत होती. बाजाराच्या तोंडाशी अम्पेम मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांच्यामागे लॉऱ्यांचे मालक वजनकाट्याभोवती जमले होते. गाडी थांबायच्या आधीच देबरा दार उघडून उतरले आणि त्यांच्याकडे चालत गेले. टोपी त्यांनी काढून हातात घेतली होती.

अदोमा उतरली नाही. ओफोरीला इंजिन चालू ठेवायला सांगून ती डायलकडे बघत बसली, घड्याळ लावून पाच मिनिटं. मग बंद करून, निवेपर्यंत थांबून, कापड गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि डबड्याने पाणी भरून पाहिलं.

वहीत तिने लिहिलं : निघालो सात वाजून दहा, पोचलो आठ वाजून बावीस. माल आठशे ऐंशी नग. थांबलो शून्य वेळा. वर पोचल्यावर अठ्ठ्याऐंशी अंश. पाणी कमी झालं, पाव डबडं.